मेक की डू : नियम जिथे तुटतो

इंग्रजीत 'मेक' कधी आणि 'डू' कधी, यावर कोणीतरी लिहिलंय की नवं काही तयार होत असेल तर 'मेक', नुसतं काम उरकायचं असेल तर 'डू'. केक, पूल, सदरा यांना हे लागू पडतं. पण 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ प्रॉमिस', 'मेक अ सजेशन' यांत तयार काय झालं? इथे अर्थाचं सगळं ओझं नामावर आहे, क्रियापद फक्त काळ सांभाळतं. येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने अशा क्रियापदांना 'लाइट व्हर्ब' म्हटलं, म्हणजे हलकं क्रियापद.

मग सरळ 'सजेस्ट' का नको? कारण नाम सुटं झालं की ते मोजता येतं, त्याला विशेषण लावता येतं. 'शी मेड थ्री यूसफुल सजेशन्स' हे नुसत्या 'सजेस्ट'ने इतकं सुटसुटीत बसवून बघा!

आपली गोची वेगळीच आहे. 'परीक्षा देणे' डोक्यात असतं, म्हणून आपण 'गिव्ह अॅन एक्झाम' म्हणून मोकळे होतो. भारताबाहेर मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. उलट 'निर्णय घेणे'वरून आलेलं 'टेक अ डिसिजन' ऐकून नाक मुरडायचं कारण नाही, ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं. अमेरिकन मंडळी 'मेक'च म्हणतील.

बाकी 'डू द डिशेस', 'डू द लॉन्ड्री' ही घरकामाची यादी सरळ पाठ करावी. आणि 'मेक द बेड' म्हणजे अंथरूण नीट करणं, सुतारकाम नव्हे.