मदत हवी आहे : चौथ्या शिवाजी महाराजांच्या वैद्यकीय तपासणीची मूळ कागदपत्रे

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी (१८६३–१८८३) यांच्या खासगी आयुष्यावर चरित्र लिहिणे चालू आहे. १८७१ मध्ये दत्तकविधान, पुढे वेडे ठरवून एकांतवास आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू, हा क्रम पक्का आहे. अडले आहे ते वेडाच्या निदानापाशी. ते कोणी, कशाच्या आधारे केले, हे मूळ कागदांतूनच दाखवायचे आहे. विशीच्या आतल्या मुलाला हा शिक्का कायमचा चिकटला, तेव्हा ऐकीव माहितीवर प्रकरण उभे करणे बरोबर नाही.

मुंबईच्या पुराभिलेखागारातले पोलिटिकल खात्याचे १८८१ ते १८८४ चे खंड पाहून झाले. सूचीत कोल्हापूरचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे येते, म्हणून सगळ्या रूपांनी शोधले. हाती आला तो बहुतेक खर्चाचा आणि नेमणुकांचा पत्रव्यवहार. ‘केसरी’चे अंकही चाळले, पण टिळक-आगरकरांना १०१ दिवस तुरुंगात घालवणाऱ्या १८८२ च्या खटल्यात कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावावरची पत्रे बनावट ठरली, त्यामुळे ती पुरावा म्हणून घेता येत नाहीत.

मोडी वाचता येते. लंडनला जाणे शक्य नाही. नाटक-कादंबऱ्या कृपया सुचवू नयेत.

डॉक्टरांचे अहवाल आणि मृत्यूनंतरच्या चौकशीचे कागद ज्युडिशियल खात्यात असतील की लष्करी? की कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या कोणत्या दप्तरात? कोणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास खंड क्रमांक आणि वर्ष सांगाल का?