गरोदरपणातली साखर: उपाशीपोटी की आली तशी?

पाडा-वस्ती: केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना साध्या आहेत. बाई पहिल्यांदा तपासणीला येईल त्याच दिवशी 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलि पाण्यातून द्या, कधी जेवली ते विचारू नका. दोन तासांनी रक्तातली साखर 140 (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा वर आली की गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान. नाही आली तर 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. तरी ‘उद्या उपाशी या’ सांगणारे आहेतच. जिची मजुरी बुडते ती उद्या येत नाही. हा आग्रह सोडा.

तिसरी_सुई: सोय वेगळी, अचूकपणा वेगळा. आंतरराष्ट्रीय निकषात उपाशी 92, तासाने 180, दोन तासांनी 153 यांतला एक आकडा गाठला तरी निदान होतं. जिची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली आहे, ती तुमच्या एका सुईत सुटते.

पाडा-वस्ती: आणि तो 92 टिकतो का? साध्या नळीत रक्तपेशी तासाला 5 ते 7 टक्के साखर खातात. 95 ची साखर लॅबला पोचेपर्यंत 85. दोन तासांत तुमची रुग्ण निरोगी! ग्लुकोमीटर आकडा जागेवर तरी सांगतो.

मापात_पाप: भांडा, पण आधी डबा वाचा. ग्लुकोज मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) असेल तर 82.5 ग्रॅम लागतं. 75 मोजलंत तर पोटात 68 च गेलं. 5 ते 10 मिनिटांत संपवायला सांगा, वेळ पहिल्या घोटापासून धरा आणि मधल्या वेळेत बाजारात पाठवू नका. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी. त्यानंतर झाली तर पुढे चालू.

तिसरी_सुई: हे मान्य. पण सुटलेल्या निदानाची किंमत बाळ मोजतं. आईची साखर वारेतून जाते, इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळ स्वतःचं जास्त बनवतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन थांबत नाही. अशा बाळाला लगेच अंगावर पाजून तासाभराने टाचेतून साखर बघायची, 45 च्या खाली असेल तर उपचार. आईच्या कार्डावर निदानच नसेल तर ती टाच टोचणार कोण?

पाडा-वस्ती: चाचणीच न झालेल्या आईच्या बाळाचंही तेच होतं ना? जी उपाशी आलीच आहे तिचा जास्तीचा नमुना घ्या, हरकत नाही. परत कुणाला पाठवू नका.

मापात_पाप: एक राहिलं. निदान झालेल्या आईची बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी चाचणी असते, ती मात्र उपाशीपोटीच. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास येते. आशाताईंनी तोच दिवस सांगावा.