चीनमधल्या छोट्या धंद्यांना कर्ज कुणी द्यावं: मोठ्या बँकेनं की गावच्या?

हिशेबनीस

मोठ्या सरकारी बँकांना छोट्या धंद्यांच्या दारात धाडण्याचं धोरण चीनमध्ये आता चांगलं रुळलंय. मार्च २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग यांनी या बँकांना बजावलं, छोट्या आणि सूक्ष्म उद्योगांची कर्जं वर्षभरात ३० टक्क्यांहून जास्त वाढवा. २०२० मध्ये आकडा ४० वर नेला. बँकांनी करून दाखवलं. दरही उतरले. २०१८ मध्ये अशा नव्या कर्जांवर सरासरी सात टक्क्यांहून जास्त व्याज पडायचं, २०२३ मध्ये ते पाचच्या खाली आलं.

हे आकडे दाखवून बरेच जण म्हणतात, बघा, मोठ्या बँकेला दम दिला की काम होतं. मला पटत नाही.

झेजियांग प्रांतातलं ताइझोऊ घ्या. साचे, पंप, व्हॉल्व्ह, शिलाई मशीन बनवणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांचं शहर. गीली मोटारवाले ली शूफू इथलेच. इथे तीन स्थानिक बँका वाढल्या: बँक ऑफ ताइझोऊ, ताइलोंग आणि मिनताई. पहिल्या दोघी तर अगदी आपल्या पतपेढीएवढ्या लहान सुरुवातीतून आल्या. ताइलोंगची कर्ज देण्याची रीत चीनभर माहीत आहे. माणूस कसा, माल कसा, तारण काय, हे आधी बघायचं. मग पाण्याचं मीटर, विजेचं मीटर आणि कस्टमची नोंद. ताळेबंद टेबलावर बसून सजवता येतो. रात्रपाळीचं वीजबिल फुगवायला रात्रभर मशीन चालवावं लागतं.

आयसीबीसीसारख्या अवाढव्य सरकारी बँकेचा शाखाधिकारी हे का करत नाही? आळशी असतो म्हणून नाही. मंजुरी वरच्या कार्यालयात असते, आणि 'माणूस सचोटीचा आहे' हे फाइलला जोडून वर पाठवता येत नाही. त्यात कर्ज बुडालं तर बदली होऊन गेल्यावरही जबाबदारी मानगुटीवर. सरकारी कंपनीनं बुडवलं तर धोरण चुकलं म्हणतात, खासगी कारखानदारानं बुडवलं तर विचारतात, यात तुझे किती? मग तो बिचारा जमीन किंवा इमारत तारण मागतो. भाड्याच्या गाळ्यात मशीन टाकून बसलेल्याकडे नेमकं तेच नसतं.

अशात वरून वाढीची टक्केवारी ठरून आली की सोपा मार्ग एकच. छोट्या बँकेनं पाच-सात वर्षं सांभाळलेला, वेळेवर फेडणारा गिऱ्हाईक स्वस्त दर दाखवून उचलायचा. चिनी बँकवाले याला शेंडे खुडणं म्हणतात. आकडा पूर्ण होतो, पण धंद्याला मिळालेला पैसा नवा किती?

वाचनमात्र_नाही

म्हणजे कारखानदाराला आठाऐवजी चार टक्क्यांनी पैसे मिळाले हे वाईट झालं? तुम्ही धंद्याच्या बाजूचे की छोट्या बँकेच्या?

कृष्णाकाठ

हिशेबनीस, तुमचं चित्र पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. २०१५ पासून तिथे करखात्याची माहिती बँकांना मिळू लागली. कारखान्यानं वेळेवर कर भरला असेल तर त्या नोंदीवरच, विनातारण कर्ज. चायना कन्स्ट्रक्शन बँकेचं छोट्या धंद्यांसाठीचं ॲप २०१८ मध्ये आलं. शाखाधिकाऱ्याची भीती, वरची मंजुरी, हे सगळं त्यात बाजूला पडतं. अलीबाबाच्या घरची मायबँक २०१५ ची. तीन मिनिटांत अर्ज, एका सेकंदात मंजुरी, मधे माणूस शून्य. नूडलच्या गाडीवर क्यूआर कोडनं रोज किती जमा होतात हे तिला दिसतं. ही यंत्रणा उभारायला पैसा लागतो आणि तो मोठ्यांकडेच असतो. गावच्या बँकेनं मीटर वाचत बसावं, हरकत नाही.

दुसरं, चीन म्हणजे झेजियांग नव्हे. ताइझोऊत कारखानदारी आधीपासून होती म्हणून तिथल्या बँका तगल्या. गान्सूसारख्या गरीब प्रांतात हीच रीत लावून बघा.

ठेवीदार_साधा

सगळे कर्जदाराबद्दल बोलताय. पैसा ठेवीदाराचा असतो, राव.

बाओशांग बँक आठवते का? इनर मंगोलियातल्या बाओतोऊची. छोट्या धंद्यांना कर्ज देण्यात तिचं नाव होतं, जर्मन सल्लागार आणून त्यांची रीत शिकली होती. २४ मे २०१९ ला सरकारनं ताब्यात घेतली. ८९ टक्के शेअर एकाच 'टुमॉरो' समूहाकडे, आणि त्यानं २०९ नावापुरत्या कंपन्यांच्या आडून सुमारे १५६ अब्ज युआन उचललेले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे पीएमसी बँकेवर निर्बंध आले. तिथेही एका बिल्डर समूहाची कर्जं हजारो खोट्या खात्यांआड दडवलेली होती. २०२२ मध्ये हेनान प्रांतातल्या ग्रामीण बँकांत लोकांचे पैसे अडकले. ते मागायला प्रांताच्या राजधानीला, झेंगझोऊला, निघालेल्या ठेवीदारांचे मोबाइलवरचे कोविडचे आरोग्य कोड लाल करून, म्हणजे फिरायलाच बंदी घालून, त्यांना अडवलं. त्यांना जाऊन विजेच्या मीटरचं कौतुक सांगा.

हिशेबनीस

बाओशांगला नूडलवाल्यानं बुडवलं नाही, मालकानं बुडवलं. ताइझोऊच्या बँका त्याच देशात, त्याच नियमांखाली चालल्या. हा मालकीचा दोष आहे, आकाराच्या खात्यावर टाकू नका.

ठेवीदार_साधा

आणि ८९ टक्के एका घरात जातील अशी बँक असते केवढी? लहानच. आयसीबीसी कोण विकत घेणार आहे? आकार आणि मालकी असे सुटे काढता येत नाहीत.

चाकण_टूलिंग

मी ह्वांगयानहून प्लास्टिकचे साचे मागवतो. ते ताइझोऊतच येतं, म्हणून लिहितोय. आमचा साचेवाला दोन्हीकडून कर्ज घेतो. इमारतीवर मोठ्या बँकेचं, स्वस्त. ऑर्डर आली की स्टील उचलायला गावच्या बँकेचं, महाग. महाग का घेतोस विचारलं तर म्हणाला, तिथे दोन दिवसांत होतं आणि साहेब कारखान्यात येऊन बसतो.

खरी गंमत स्वस्त कर्जात आहे. ते एक वर्षाचं. वर्ष सरलं की पूर्ण मुद्दल भरायचं, मग पुन्हा मिळणार. पैसा मशीन आणि उधारीत अडकलेला, एकदम भरणार कुठून? मधल्या आठवड्यासाठी तो बाहेरून उचलतो, दिवसाच्या हिशेबानं व्याज. आणि त्या आठवड्यात बँकेनं मन बदललं तर संपलं. मुद्दल न भरता कर्ज पुढे चालू ठेवा, असं तिथला नियामक २०१४ पासून सांगतोय. त्याला ते अजून मिळालेलं नाही. वाचनमात्र साहेब, चार टक्क्यांचं कर्ज त्याला चारला पडत नाही.

कृष्णाकाठ

हे रास्त आहे, पण दोष मुदतीचा झाला. ती मोठ्या बँकेलाही वाढवता येते.

तुमच्या 'माणूस ओळखण्या'चं दुसरं टोकही बघा. ताइझोऊच्या शेजारचंच वेनझोऊ. तिथे सगळे सगळ्यांना ओळखत होते, म्हणून एकमेकांना जामीन राहिले. २०११ मध्ये कर्जं फेडता येईनात तसे मालक गाव सोडून पळू लागले आणि एकाच्या कर्जाखाली दुसऱ्याचा चांगला चाललेला कारखाना गेला. ऑक्टोबरात पंतप्रधान वन ज्याबाओ स्वतः जाऊन आले. करखात्याच्या नोंदीला निदान मेहुणा नसतो.

हिशेबनीस

मेहुण्याचं मान्य. पण शेजाऱ्याचा जामीन घेणं म्हणजे ओळखण्याचं काम बँकेनं शेजाऱ्यावर ढकलणं. वेनझोऊत अशा जामिनांवर देणाऱ्यांत देशभर शाखा असलेल्या बँकाही होत्या. आणि करनोंदीचं म्हणाल तर ज्याची नोंद लांब आणि स्वच्छ, त्याला कर्ज आधीपासूनच मिळत होतं. दोन वर्षांपूर्वी गाळा घेतलेल्याची नोंद कुठून आणणार?

म्हणून मोठ्या बँकेला वाढीची टक्केवारी ठरवून देऊ नये. याआधी कुठल्याच बँकेचं कर्ज नसलेले किती जण वर्षभरात आले, तेवढंच विचारावं. नियामक असे पहिलटकर कर्जदार मोजायला लागलाय, पण जोर अजून एकूण वाढीवरच आहे.

वाचनमात्र_नाही

मोजा. पण पहिलं कर्ज गावच्या बँकेनं दिलं आणि दुसरं मोठीनं पळवलं, तर तुमच्या मोजणीत मोठीला शून्य मिळेल, आणि गिऱ्हाईक तरीही गेलाच. मग गावच्या बँकेनं पहिलं कर्ज द्यायची जोखीम घ्यावी कशासाठी?