रायडिंग मोअर: सीट स्विच, पात्यांची थरथर आणि उतारावरील कापणी याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. एका संस्थेच्या मोकळ्या आवाराची देखभाल माझ्याकडे आहे. गवत कापण्यासाठी संस्थेने अलीकडेच एक वापरलेला रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचे यंत्र, घेतले आहे. स्टिअरिंगचे चाक, एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, पोटाखाली दोन पात्यांचा डेक (पात्यांवरचे पत्र्याचे आवरण) आणि पेडलने वेग कमीजास्त करता येणारा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स अशी त्याची रचना आहे. चावी फिरवताच इंजिन सुरू होते आणि धूर काढत नाही, त्यामुळे यंत्र मुळात चांगले असावे. माहितीपुस्तिका मात्र सोबत आलेली नाही आणि पुढील तीन बाबी सुटत नाहीत.

पहिली बाब सर्वांत त्रासदायक आहे. पाती सुरू करून खाचखळग्यांच्या भागातून जाताना इंजिन मध्येच एकदम बंद पडते. यंत्र चालवणारे आमचे सहकारी अंगाने बारीक आहेत आणि जाडजूड सहकारी बसल्यास हा प्रकार जवळपास होत नाही. यंत्र पाहायला आलेल्या एका कारागिराने सीटखालचा कनेक्टर काढून त्यातील दोन तारा कायमच्या जोडून टाकण्याचा सल्ला दिला. पाच मिनिटांचे काम आहे आणि पुष्कळ जण तसेच करतात, असे त्याचे म्हणणे होते. हे मला पटलेले नाही, पण रोज बंद पडणाऱ्या यंत्राने मैदान पूर्ण होत नाही, ही अडचणही खरी आहे.

दुसरे म्हणजे, ग्राइंडरवर पात्यांना धार लावून आणल्यापासून संपूर्ण यंत्र थरथरते आणि कापलेल्या गवतात एका बाजूला उंच पट्टा राहतो. तिसरा प्रश्न उताराचा आहे. मैदानाच्या एका कडेला मातीचा बांध असून त्याच्या पायथ्याशी खोल चर आहे. असा उतार या यंत्राने कापावा का, कापायचा झाल्यास आडवा कापावा की उभा, आणि स्टिअरिंगऐवजी दोन दांड्यांवर चालणारे झिरो-टर्न यंत्र घेतल्यास हे काम सोपे होईल का? जाता जाता हेही सांगतो की, डेकच्या बाजूला गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरची झडप आधीच्या मालकाने तारेने वर बांधलेली आहे. त्याने काही बिघडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपण सर्वांत शेवटी लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत आधी दुरुस्त करण्याची आहे. ती तार आजच कापून टाका आणि झडप स्वतःच्या स्प्रिंगने खाली येते की नाही ते पाहा. येत नसेल तर स्प्रिंग बदला आणि तोवर यंत्र चालवू नका. घरगुती यंत्रांसाठीच्या एएनएसआय बी७१.१ या अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर, एवढी ठेवलेली आहे. त्या मर्यादेच्या आसपास फिरणाऱ्या पात्याखाली खडा किंवा तारेचा तुकडा आला, तर तो त्या तोंडातून किती वेगाने निघेल याची कल्पना करता येते. उघड्या तोंडासमोर त्या वेगाला अडवणारे काहीच उरत नाही. कापणीपूर्वी मैदान पायी फिरून दगड, फांद्या आणि तारा वेचणे आणि माणसे आवारात असताना ते तोंड त्यांच्या दिशेने येणार नाही अशा रीतीने फेऱ्या आखणे, या दोन गोष्टी झडप असली तरी कराव्याच लागतात.

आता सीट स्विच. आपली शंका योग्य आहे. त्या तारा जोडू नका. पाती चालू असताना चालक सीटवरून उठला किंवा फेकला गेला, तर इंजिन आणि पाती दोन्ही थांबावीत यासाठी तो स्विच आहे, आणि अशा प्रसंगी पाती ५ सेकंदांच्या आत थांबावीत अशी अपेक्षा असते. तारा जोडल्यावर यंत्र उलटले तरी पाती फिरतच राहतील. शिवाय हा बदल बाहेरून दिसत नाही. उद्या दुसरा माणूस यंत्रावर बसेल तेव्हा आपण उतरलो की पाती थांबतील, असे धरूनच तो उतरेल.

दुरुस्तीपूर्वी दोष खरोखर स्विचचाच आहे का, हे ठरवणे सोपे आहे. सपाट जागी हँडब्रेक लावून, पाती बंद ठेवून इंजिन चालू करा. या स्थितीत बहुतेक यंत्रांत चालक उठला तरी इंजिन चालू राहते, म्हणजेच सीट स्विचचा संबंध उरत नाही. अशा वेळीही इंजिन बंद पडत असेल, तर दोष इग्निशनच्या वायरिंगमध्ये किंवा इंधनात आहे. बंद पडण्याची तऱ्हाही लक्षात घ्या: स्विचमुळे इंजिन एका झटक्यात बंद होते, तर पेट्रोल कमी पडल्यास ते आचके देत, वेग गमावत बंद होते. आपण एकदम बंद पडते असे लिहिले आहे आणि वजनाचा फरकही नोंदवला आहे, त्यामुळे माझा कल स्विचकडेच आहे.

त्यानंतर चावी काढून सीट उलटा. गवताचा चुरा कनेक्टरच्या टोकांत घट्ट बसलेला असतो, किंवा टोके हिरवट पडलेली असतात, आणि एवढ्याने धक्क्यासरशी संपर्क तुटतो. टोके साफ करा, सीटच्या बिजागरीचे बोल्ट आणि खालच्या स्प्रिंगा पाहा. पुष्कळ सीटना चालकाच्या वजनानुसार स्प्रिंगचा ताण बदलण्याची सोय असते. आधीच्या जाड चालकासाठी ती कडक केलेली असेल, तर बारीक माणूस खड्ड्यात किंचित उचलला जाताच स्विच सुटणारच. ती सैल करूनही फरक पडला नाही, तर स्विच झिजला आहे असे समजून तो बदलावा. एवढ्या स्वस्त भागासाठी तारा जोडण्याचा मोह का होतो, हे मला कधीच कळलेले नाही.

दुरुस्तीनंतर चाचणी अवश्य घ्या आणि पुढे प्रत्येक कापणीच्या सुरुवातीलाही घेत जा. पाती सुरू करण्याचा स्विच चालू असताना इंजिन सुरू होता कामा नये, ब्रेक न दाबता सुरू होता कामा नये, आणि आजूबाजूला कोणी नसताना, सपाट जागी, पाती चालू ठेवून चालक सीटवरून जरासा उचलला गेला की इंजिन बंद पडले पाहिजे. ही शेवटची चाचणी यंत्रावरून न उतरता, पाय पायदानावरच ठेवून घ्यायची आहे.

प्रतिसाद २

थरथरीबद्दल लिहितो. धार लावून आणल्यावर थरथर सुरू झाली, म्हणजे बहुधा पात्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त घासली गेली आहे. तोल गेलेले पाते वापरत राहिल्यास स्पिंडलच्या, म्हणजे पाते ज्या दांड्यावर फिरते त्याच्या, बेअरिंगा खराब होतात आणि मग खर्च वाढतो, त्यामुळे हे पुढे ढकलू नये.

पात्यांकडे हात नेण्यापूर्वी चावी काढा, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना अडण्या द्या. पुढचा भाग उचलायचा असेल तर केवळ जॅकवर विसंबून कोणीही खाली हात घालू नये. दोन घोड्या, म्हणजे वजन पेलणारे स्थिर आधार, लावूनच काम करावे. यंत्र एका कुशीवर कलंडवण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण इंजिनमधील तेल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये जाते. जाड हातमोजे घालून आणि पात्याला लाकडाच्या ठोकळ्याने अडवून बोल्ट काढा. काही यंत्रांत एका स्पिंडलचे आटे उलटे असतात, म्हणून बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहा.

भिंतीत आडवा खिळा ठोकून त्यावर पात्याचे मधले भोक अडकवा. जी बाजू खाली झुकेल ती जड आहे, आणि तेथील धारेच्या कडेवरूनच कानशीने थोडे धातू काढायचे आहे; टोकाकडील वर वळलेला पंख घासू नये. मूळ धारेचा कोन, जो साधारणतः ३० अंशांच्या आसपास असतो, तोच ठेवावा. वस्तऱ्यासारखी धार नको, कारण ती पहिल्याच दगडाला दुमडते. ग्राइंडरने पाते निळे पडले असेल तर पोलादाचा पाणीदारपणा गेला आहे, असे पाते टिकत नाही. पंखाच्या वळणाजवळ धातू पातळ झाला असेल किंवा चीर दिसत असेल, तर धार न लावता पाते टाकून द्यावे. तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. वाकले आहे का हे पाहण्यासाठी यंत्र घोड्यांवरून उतरवून सपाट फरशीवर उभे करा, पात्याच्या टोकाची फरशीपासूनची उंची मोजा आणि पाते अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्या टोकाची मोजा; दोन्हींत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आल्यास पाते गेलेले आहे. पाते धरून वरखाली हलवल्यावर सैलपणा जाणवला, तर दोष पात्यात नसून बेअरिंगमध्ये आहे. बसवताना पंख डेकच्या दिशेने, म्हणजे वर, राहील याची खात्री करा. उलटे बसलेले पाते फिरते, पण गवत फक्त झोडपते.

उंच पट्ट्याचे कारण बहुतेक वेळा डेकमध्ये शोधले जाते, पण ते टायरमध्ये असू शकते. डाव्या-उजव्या टायरमधील हवा आधी सारखी करा. नेमका दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो आणि तो मोटारीच्या टायरपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यानंतरच डेकची पातळी पाहा. डावी-उजवी बाजू समान असावी, आणि पात्याची पुढची टोके मागच्या टोकांपेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली असावीत, एवढा हिशेब बहुतेक यंत्रांना चालतो.

प्रतिसाद ३

उताराबाबत दोनच गोष्टी लिहितो. बसून चालवायच्या स्टिअरिंगच्या यंत्रांसाठी सर्वसाधारण मर्यादा १५ अंशांची असते, म्हणजे दहा मीटर आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन मीटर चढ. लांब सरळ फळी उतारावर ठेवून तिच्यावर मोबाइलमधील कोन मोजण्याचे ॲप वापरले तरी पुरेसा अंदाज येतो. मर्यादेच्या आतला उतार अशा यंत्राने उभा, म्हणजे वर-खाली, कापावा, आडवा नव्हे. वळण शक्यतो सपाटीवर घ्यावे, उतारावर थांबू नये आणि ओल्या गवतावर तर जाऊच नये. चाक घसरू लागल्यास पाती बंद करून हळूहळू सरळ खाली यावे; यंत्र सावरण्यासाठी पाय जमिनीवर टेकवणे फार धोक्याचे आहे. मागे गवताची पिशवी लावली असेल तर ती भरल्यावर चढावर पुढची चाके हलकी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

झिरो-टर्न घेतल्याने बांधाचे काम सोपे होणार नाही. त्याची पुढची चाके मोकळी फिरणारी असतात आणि दिशा व ब्रेक दोन्ही मागच्या चाकांवर असतात. ती घसरली की यंत्र वळवता येत नाही आणि थांबवताही येत नाही. काही मॉडेलांत मर्यादा १० अंशांची आहे आणि उतार कोणत्या दिशेने कापावा याचा नियमही वेगळा असतो, म्हणून त्या त्या पुस्तिकेतीलच वाचावे. उलटण्यापासून रक्षण करणारी कमान असेल आणि ती उभी असेल, तर सीट बेल्ट लावलाच पाहिजे. कमान नसलेल्या किंवा दुमडून ठेवलेल्या यंत्रावर मात्र बेल्ट लावू नये, कारण यंत्र उलटताना चालकाला बाजूला होता येत नाही. चराच्या कडेपासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर मोकळे सोडावे आणि तेवढी पट्टी हातयंत्राने कापावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झडपेची तार काढली असून स्प्रिंग शाबूत आहे. सीटखाली स्प्रिंगचा ताण बदलण्याची मूठ सापडली आणि ती पूर्ण कडक होती. ती सैल करून कनेक्टर साफ केल्यावर बंद पडणे बरेच कमी झाले, पण थांबलेले नाही, म्हणून स्विच बदलणार आहोत. एक पाते निळे पडलेले आढळल्याने दोन्ही पाती नवी घेत आहोत. बांध १९ अंशांचा भरला, त्यामुळे तो यंत्राच्या कामातून वगळला आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. देखभालीचे ढोबळ वेळापत्रक काय ठेवावे, आणि बाजारात दोन टोकांचे व चार टोकांचे असे दोन प्रकारचे सीट स्विच दिसतात, त्यांतील कोणता घ्यावा?

प्रतिसाद १

वेळापत्रक तासांवर ठेवा, महिन्यांवर नको. तास दाखवणारे मीटर नसेल तर सीटजवळ एक वही टांगा. इंजिनचे तेल साधारण ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलावे आणि त्याची पातळी प्रत्येक वेळी सपाट जागी पाहावी. एअर फिल्टरचा स्पंज २५ तासांनी धुवावा. आतील कागदी फिल्टर १०० तासांनी बदलावा, त्यावर हवेचा झोत मारू नये. पात्यांची धारही २५ तासांनी पाहावी. वाळलेले गवत सायलेन्सरभोवती आणि डेकवर साचू देऊ नका, आग लागण्याचे ते नेहमीचे कारण आहे. इंजिन गार झाल्यावर ते झाडून काढावे. पेट्रोलही गार इंजिनातच, मोकळ्या हवेत भरावे. त्यात इथेनॉल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि महिनाभरापेक्षा जुने पेट्रोल वापरू नये. बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी, लावताना ती शेवटी लावावी.

स्विचबाबत अंदाजाने खरेदी करू नका. काही स्विच चालक बसल्यावर जोडले जातात, काही सुटतात, तर चार टोकांच्या काहींत दोन्ही प्रकार एकाच खोक्यात असतात. चुकीचा स्विच लावला तर इंजिन अजिबात सुरू होणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालक उठल्यावरही चालू राहील. जुन्या स्विचवर छापलेला क्रमांक आणि सीटखालच्या किंवा मागच्या पत्र्यावरील चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक यांचे छायाचित्र घ्या आणि त्याच क्रमांकाचा भाग मागवा. मॉडेल क्रमांकावरून माहितीपुस्तिकाही उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते.