घरकुल मंजूर झालंय, बांधू की सोडून देऊ? मदत हवी आहे (अर्जंट)

उधनावाला (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. घरकुलाच्या लिस्टमध्ये आमचं नाव निघालं, पहिला हप्ता पण पडला. आता गावाहून रोज फोन येऊन राहिले की काम चालू करा नाहीतर पैसे परत जातील. मी सुरतला संच्यावर (यंत्रमागावर) आहे, बारा तासांची पाळी, सुट्टी मागितली तर शेठ म्हणतो मग कायमचाच जा. तिकडं काका ऐकत नाही. एवढ्या पैशात घर होत नाही हे मला बी कळतं पण सोडलं तर परत नंबर लागेल का? बायको म्हणते त्याच पैशात इथं उधन्याला रूम बघू. सोमवारपर्यंत सांगायचंय, लवकर बोला.

पारोळेकर
कोणती योजना भो? पीएम आवास, रमाई, शबरी, मोदी आवास, काय ते लिही तरी. नाव कोणाचं, जागा कोणाची, काका मधी कुठून आला? अर्धी गोष्ट पोटात ठेवून अर्जंट म्हणतो.

बट्टीवाला
अभिनंदन! वास्तूला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ठेवा, पनीर-बिनीर नका ठेवू. आमच्या शालकाने ठेवलं होतं, सगळं उरलं.

उधनावाला
पीएम आवासच. नाव आईचं. जागा आजोबांची, गावातलीच.

जुना_जेई
मी याच कामातून ज्युनियर इंजिनियर (जेई) म्हणून रिटायर झालोय म्हणून आकडे देतो. सपाट भागाला १ लाख २० हजार, डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार. पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. जोत्याचा जिओ टॅगिंगवाला (जागेची नोंद असलेला) फोटो चढल्याशिवाय दुसरा निघत नाही. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, ती २८ हजारांच्या आसपास जाते पण जॉब कार्ड पाहिजे आणि मस्टर (हजेरीपट) वेळेवर निघालं पाहिजे. शौचालय आधी घेतलं नसेल तर त्याचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्याने ५० हजार वाढवले, त्यातले ३५ बांधकामाचे आणि १५ सोलर बसवलं तरच. सगळं हातात आलं तर दोन लाखांच्या जरा पलीकडे. घर कमीत कमी २५ चौरस मीटर म्हणजे २६९ फूट, स्वयंपाकाची जागा धरून. आणि हे पैसे उचलून सुरतला रूम घेता येत नाही, तसं केलं तर वसुली लागते. वहिनींना सांगा.

पारोळेकर
पाच ब्रास वाळू फुकट आहे ती राहिली ना जेईसाहेब.

भुसावळ४७अंश
वाळू फुकट, ट्रॅक्टरवाला फुकट येतो का? कागद घेऊन तीन चकरा मारल्या मी, शेवटी विकतच आणली. माझं ऐक उधनावाला, नको बांधू. माझं घरकुल पूर्ण झालं तेव्हा हिशोब ३ लाख ४० हजारांवर गेला. वरचे पैसे बचत गटातून आणि एका फायनान्सवाल्याकडून घेतले, दर मंगळवारी तो दारात. नवीन दरवाजा, नवीन रंग आणि त्या दारात बायको तोंड लपवून उभी. पोराची शिकवणी बंद केली त्या वर्षी. लोक म्हणायचे काय स्लॅब टाकला रे, मला रात्री झोप नव्हती. पत्र्याखाली निदान झोप तरी लागायची.

कळण्याची_भाकर
भुसावळवाले दादा, तुमचं खरं असेल पण माझं वेगळं आहे. आमचं २०१९ ला झालं. त्याच्या आधी कुडाची भिंत, वर पत्रा. जून लागला की मी रात्री झोपायचीच नाही, एक भगोनं इथं, एक परात तिथं, पोरांची दप्तरं पिंपावर, आणि सासूबाई कोपऱ्यात बसून राहायच्या की साप निघेल. घर झालं त्या पहिल्या पावसात मी सवयीने उठले, अंधारात हात लावून बघितलं, जमीन कोरडी. परत झोपच येईना, उगाच बसून राहिले. आता मोठी मुलगी दहावीला आहे, खोलीत लाईट आहे, ती अकरापर्यंत वाचत बसते. पोरांच्या सर्दी-खोकल्यासाठी दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या हे तर दिसतंच. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. घर माझ्या आणि ह्यांच्या दोघांच्या नावावर आहे, पीएम आवासात तसंच करतात. आधी भांडण झालं की हे म्हणायचे निघ माझ्या घरातून. आता म्हणत नाहीत, म्हणू शकत नाहीत 😀 दिराची सोयरीक पण तेव्हाच जमली, मुलीकडचे आले आणि पहिलं वरती बघितलं, स्लॅब आहे का.
आम्ही पण उसने घेतले पण घरच्यांचेच, माझ्या भावाकडून. फायनान्सवाल्याकडून नका घेऊ. प्लास्टर दोन वर्षांनी केलं, फरशी अजून नाही, काही बिघडत नाही.

तापीकाठ
चर्चा चांगली चाललीय म्हणून सांगतो. अहमदाबादला १९८७ मध्ये विडी कामगार बायकांना लॉटरी काढून स्वस्तात घरं दिली होती. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं. लॉटरी लागलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश तिकडं राहायलाच गेले नव्हते, जवळपास तेवढेच जाऊन परत आले. घर चांगलं होतं पण शहरापासून १२ किलोमीटर लांब, आणि अडीअडचणीला धावणारी जुनी गल्ली तुटली. कमाईत फरक नाही, पोरांच्या शिक्षणात पण नाही. उलट मेक्सिकोत सरकारने राहत्या घरातली मातीची जमीन सिमेंटची करून दिली, बाकी काही नाही. पोरांचे जंत कमी झाले, ॲनिमिया कमी झाला, आया जास्त समाधानी दिसल्या. म्हणून कागदावर घर मिळण्यापेक्षा ते कुठं आहे आणि त्यात कोण राहणार हे बघा. उधनावाला, तुमच्या गावच्या घरात राहणार कोण?

भुसावळ४७अंश
मेक्सिकोत मंगळवारी कोणी येत नसेल.

खारीमाती
सगळे स्लॅब स्लॅब करून राहिले. आजोबांची जागा म्हणजे धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर असणार, ते पाडू नका हात जोडतो!! सागवानी खांब, दोन-दोन हात जाड भिंती, वर खारी माती. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्लॅबखाली रात्री बारापर्यंत भट्टी असते, धाब्याखाली दुपारी घोंगडी घेऊन झोपतो माणूस. आपल्या वाडवडिलांना अक्कल होती.

जुना_जेई
दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी कोण चढवणार, तुम्ही येणार का? माणसं मिळत नाहीत. एकदा पाणी मुरलं की छताच्या लाकडी कड्या सडतात आणि एका रात्रीत खण (दोन खांबांमधला भाग) खाली बसतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा, फरक पडतो.

खारीमाती
चुना दोन महिन्यांत धुऊन जातो साहेब. तुमच्या खात्याने कधी धाब्याच्या घराचा नकाशा काढला का? सगळ्या महाराष्ट्राला एकच डबा.

पिंप्राळा_एक्सप्रेस
घरकुल म्हटलं की आम्हा जळगावकरांना तो घोटाळाच आठवतो. २०१९ मध्ये धुळ्याच्या कोर्टात निकाल लागला तेव्हा

संपादक
तो विषय इथं नको, वेगळा धागा काढा. धागाकर्त्याने काकांचं काय ते सांगावं.

उधनावाला
धाबं पाडायचा प्रश्नच नाही, ते मागच्या पावसाळ्यात पडलं ना. पुढचा खण बसला. म्हणून तर नाव लवकर निघालं असं सगळे म्हणतात. आई मागच्या पडवीत ताडपत्री लावून राहते. उतारा आजोबांच्याच नावावर आहे, काका म्हणतो अर्धी जागा माझी, सही करत नाही.

पारोळेकर
अरे देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं रे भो! आई ताडपत्रीत आणि तू बांधू का सोडू विचारतोस?

उधनावाला
मी तिला तीनदा आणली सुरतला. आठ दिवस राहते, दहाव्या दिवशी पिशवी भरते. म्हणते इथं दार लावून बसायचं, बोलायला कोणी नाही. ती नंतर येईल म्हणून सोडून द्यायचा विचार होता.

तापीकाठ
मग उत्तर तुम्हीच दिलं.

जुना_जेई
आता कामाचं ऐका. ग्रामपंचायतीत आजोबांच्या मिळकतीला वारस नोंद करायचा अर्ज द्या, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीला) आईचं आणि काकांचं नाव लागू द्या. काकांना पूर्ण जागा सोडायला सांगू नका, तिथंच अडतं सगळं. मागची अर्धी त्यांची हे लिहून द्या आणि पुढच्या २६९ फुटांपुरतं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर घ्या. दोन पंच बसवा, शक्यतो काकूच्या माहेरचा एक. सोमवारच्या आत अर्ज दिला तर लोक थांबतात, फोनवर हो-नाही करत बसलात तर थांबत नाहीत. आणि आधी जोत्यापर्यंतच जा, फोटो चढू द्या, पैसे पडले की मग भिंत. एकदम कर्ज काढू नका.

भुसावळ४७अंश
हे मात्र बरोबर. मी स्लॅबचं सामान आधी उचललं होतं.

कळण्याची_भाकर
आणि काकांकडं तू नको जाऊ, आईला पाठव, सोबत चुलत बहीण असेल तर तिला. भाऊबंदकीत पुतण्या दिसला की माणूस ताठतो. आईचं खातं आधारला कोणत्या बँकेत लिंक आहे ते पण बघ, आमच्या गल्लीत एकीचा हप्ता जुन्याच खात्यात पडला आणि ती चार महिने बोंबलत होती.

उधनावाला
शनिवारी रात्रीच्या गाडीने अमळनेरला उतरतो. शेठला सांगितलं आई आजारी आहे. काकूचा भाऊ ओळखीचा आहे, त्याला फोन लावलाय.

सोलरभाऊ
१५ हजारांचं सोलर मी बसवून देतो, चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत कुठंही.

खारीमाती
भो, पडलेल्या खणाचे खांब-तुळया काय करणार? सागवानी असतील तर विकू नका जळणाला, मला सांगा, मी टेम्पो घेऊन येतो.

उधनावाला
दोन खांब काकाने आधीच नेले. बाकीचे बघून सांगतो.