मदत हवी आहे: शहर कंपोस्टमध्ये शिसं जास्त निघालं, पालकाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यात माझी दीड एकर भाजी आहे. चार वर्षांपासून रासायनिक खत बंद. गावातली जनावरं घटली, शेणखत मिळेना, म्हणून यंदा पहिल्यांदाच शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट घेतलं, दोन ट्रॉल्या. एक ट्रॉली, साधारण तीन टन, 10 गुंठ्यांत पसरून पालक आणि मेथी केली. दुसरी चाळायला घेतली तर काचा, वायरीचे तुकडे आणि घड्याळाचे सेल निघाले. छातीत धस्स झालं. लगेच नमुना तपासायला दिला.

किलोमागे शिसं 142 मिलीग्रॅम, कॅडमियम 4.1. खत नियंत्रण आदेशातली मर्यादा शिशाला 100 आणि कॅडमियमला 5. विकणारा म्हणतो, "सेंद्रिय आहे, कुजलं की सगळं जातं." कसं जाईल? कुजताना काडीकचरा आटतो, धातू तेवढाच राहतो, उलट किलोमागे वाढतो.

मी हिशोब केला. 10 गुंठ्यांचा अर्धा फूट थर म्हणजे साधारण 200 टन माती. तीन टन खतातून 426 ग्रॅम शिसं गेलं, म्हणजे मातीत किलोमागे दोन मिलीग्रॅमची भर. एका ट्रॉलीने रान बिघडलं नसावं. हिशोब चुकत असेल तर सांगा.

खरी काळजी मला पास झालेल्या कॅडमियमची आहे. शिसं बहुतांशी मातीला धरून राहतं, कॅडमियम मात्र पानात चढतं, आणि पालक ते जास्त ओढतो. युरोपात सेंद्रिय शेतीला चालणाऱ्या घरगुती कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये कॅडमियमची मर्यादा 0.7 आहे. आपल्याकडे 5 कशी?

माझ्या काळ्या रानाचा सामू (पीएच) 8.1 आहे, त्यामुळे कॅडमियमची उचल कमी व्हावी. पण जस्ताची कमतरता आहे, आणि जस्त कमी असलं की कॅडमियम जास्त चढतं असं वाचलंय. झिंक सल्फेट दिल्याचा कुणाला प्रत्यक्ष उपयोग झालाय का? मातीत एकूण धातू तपासू की डीटीपीए या रसायनाने काढून पिकाला मिळणारा भाग? की सरळ पानंच तपासायला देऊ?

काढणी थांबवली आहे. पुण्यातली चाळीस घरं माझी भाजी घेतात, लहान मुलं आहेत त्यांच्यात. त्यांना आज रात्री कळवतो आहे. पीजीएस गटाला (एकमेकांची शेती तपासून सेंद्रिय असल्याची हमी देणारा आमचा शेतकऱ्यांचा गट) काय आणि कसं कळवायचं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

उरलेली ट्रॉली ताडपत्रीखाली झाकली आहे. विकणारा परत न्यायला तयार नाही. बांधावर टाकली तर पावसात ओढ्याला जाईल. ती कुठे न्यायची?