मदत हवी: 'आमच्या साखळीत वेठबिगारी नाही' यावर सही मागायलेत, साखरेचं काय लिहू?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या एमआयडीसीत बिस्किटं आणि गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे. आमचा थोडा माल ब्रिटनला जातो, तिथल्या गिऱ्हाइकाने एक मोठा फॉर्म पाठवलाय. तिकडे २०१५ चा मॉडर्न स्लेव्हरी कायदा आहे, ज्या कंपनीची उलाढाल वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त आहे तिला दरवर्षी लिहून जाहीर करावं लागतं की आपल्या कामात आणि माल पुरवणाऱ्यांकडे गुलामी राहू नये म्हणून आपण काय केलं. म्हणून ते आम्हाला विचारायलेत. साहेब म्हणाले सगळीकडे 'नाही' टिक कर अन् पाठव, उद्या शिपमेंट अडकायला नको.

त्यात एक प्रश्न आहे, कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येत नाही असे कामगार तुमच्या साखळीत कुठे आहेत का. मी तिथंच थांबलोय. आम्ही साखर घेतो, आणि माझं गाव धारूर तालुक्यात आहे, माझ्या मायबापाचा कोयता कितीतरी वर्षं चालला. बाहेरच्यांसाठी सांगतो, ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती लेकीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला आधीच खर्च झालेली असते, मग चार-पाच महिने टनावर काम करून ती फेडायची, नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर.

मी सातवीत असताना शाळा सोडून त्यांच्याबरोबर सांगलीकडं गेलो होतो. बाबा वजनाच्या चिठ्ठ्या दुधाच्या पिशवीत घालून कोपीच्या (तोडणीवाल्यांच्या झोपडीच्या) तट्ट्यात खोचून ठेवायचे. हंगाम संपल्यावर मी त्या सगळ्या मांडून बेरीज केली तर मुकादमाच्या वहीत १९ टन कमी होते, वर मायला ताप होता त्या ४ दिवसांचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापलेला. बाबांनी चिठ्ठ्या पुढं केल्या तर मुकादमाने त्या घेऊन खिशात घातल्या, लेकराच्या बेरजेवर हिशोब होत नसतो म्हणाला. बाकी राहिली ६ हजार. दुसरा मुकादम जास्त द्यायला तयार होता पण ती बाकी होती म्हणून पुढच्या साली परत त्याच टोळीत जावं लागलं. आता सांगा, मी 'नाही' कसं टिक करू?

अडचण अशी की कारखान्याला विचारलं तर ते म्हणतात तोडणीवाले आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकवाल्याशी. वाहतूकवाला मुकादमाकडं बोट दाखवतो. आणि मी खरं लिहिलं, गिऱ्हाईक पळालं, साखर दुसऱ्याकडून घेतली, तर त्या उसाच्या फडातल्या माणसाच्या पदरात काय पडलं? उचल बंद करा असंही मला लिहायचं नाही, उचल बंद झाली की माणसं सावकाराच्या दारात जातील.

अजून एक, आमच्याच प्लांटला गुत्तेदाराची (कंत्राटदाराची) बिहारची २२ पोरं पॅकिंगला आहेत. परवा चहाला बोलताना कळलं की सगळ्यांचे एटीएम कार्ड गुत्तेदाराच्या सुपरवायझरकडं असतात, पगार बँकेत जातो पण काढतो तो. कागदावर सगळं ओके. हे पण सांगा.

बिंदुसरा:
मी कामगार खात्यात होतो, आता रिटायर. आधी एक समजून घ्या, उचल घेणं-देणं म्हणजे आपोआप वेठबिगारी नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा हे बघतो की त्या पैशापायी माणसाला दुसरीकडं काम करता येत नाही का, मोकळेपणाने जाता येत नाही का, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळतं का. तुमच्या वडिलांना बाकीमुळे दुसऱ्या टोळीत जाता आलं नाही, कायद्याचा मुद्दा नेमका तोच आहे. सहाव्या कलमाप्रमाणे असं वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते, आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं देणाऱ्यावर आहे, कामगारावर नाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय की किमान वेतनाच्या खाली काम करून घेणं हे घटनेच्या २३ व्या कलमातलं सक्तीचं काम आहे. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडं, जिल्ह्यात आणि उपविभागाला यासाठी दक्षता समिती असायला पाहिजे.

कार्डांचं उद्याच करा, ते तुमच्या गेटच्या आतलं आहे, त्यासाठी ब्रिटनच्या फॉर्मची वाट बघू नका. फक्त कुणी सांगितलं ते नाव बाहेर येऊ देऊ नका, पोरगा रात्रीतून घरी पाठवला जाईल.

फडावरची:
मी ७ हंगाम तोडणी केलीय म्हणून सांगते. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर बसून चौकशी करू नका. जानेवारीत फडात या, मुकादमाला बाजूला ठेवून बायांशी बोला, आणि बोलायला बाई आणा. जोडी म्हणून हिशोब होतो, पैसे नवऱ्याच्या हातात, बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. पहाटे ४ ला उठून भाकरी, मग मोळ्या वाहायच्या, रात्री गाडी आली की भरणी. पाळीत सुद्धा खाडा नको म्हणून कामावर. २०१९ ला आमच्या बीडच्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याचं सगळीकडं आलं, सरकारने समिती नेमली, तरी खाडा आहेच. फॉर्ममध्ये विचारायचंच असेल तर खाडा कापता का ते विचारा, वजनाची चिठ्ठी कोयत्यागणिक मिळते का विचारा, बाईच्या खात्यात अर्धे जातात का विचारा. आणि लेकरं कुठं असतात ते.

मांजराकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. ताईंचं वाचून मायला फोन केला, ती म्हणाली चिठ्ठीचं पहिलं लिही.

काल एचआरच्या मॅडमना घेऊन गुत्तेदाराला बोलावलं, २२ च्या २२ कार्डं आमच्यासमोर पोरांच्या हातात दिली, पिन बदलायला मॅडम स्वतः त्यांच्याबरोबर एटीएमला गेल्या. दोघांच्या खात्यात शंभराच्या आत निघाले, त्याचा हिशोब गुत्तेदाराच्या बिलातून वळता करायला लावतोय.

फॉर्ममध्ये मी 'हो, धोका आहे' लिहिलं आणि खाली तीन मागण्या टाकल्या, चिठ्ठी, खाडा बंद, आणि बाकी असली तरी टोळी बदलायची मोकळीक. साहेबांनी अजून सही केली नाही, सोमवारी बसायचंय. कारखाना सोडायचा नाही, एक हंगाम बघायचा असं त्यांना सांगणार आहे.

तोवर एकच माहिती पाहिजे. लातूर, परभणी, जालन्याकडं कुठल्या कारखान्यात वजन झालं की त्याच वेळी कोयत्याच्या मोबाईलवर मेसेज जातो असं कुणी बघितलंय का? असेल तर ते कसं बसवलं, मुकादमांनी अडवलं का, ते सोमवारच्या आत सांगा.